धरणावरचा सायब

मायच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पत्रावळ मांडून गुरुजी मागे सरतात न सरतात तोच एक कावळा खाली आला, भाताच्या पिंडाला चोच लावून गेला, आणि नातेवाईक समाधानाने उठले. म्हातारीचं काही राहिलं नव्हतं, सोन्यासारखी गेली, असं जो तो म्हणू लागला. मी मान डोलावली. गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा झाडावरच बसून राहतो, पिंडाला शिवत नाही, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं. मला मात्र त्या नदीकाठावर बसून एका कुत्र्याची आठवण येत होती, आणि ती सांगावी असं माणूस आता उरलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. माय गेल्यापासून मला घाईने काही करता येत नाही. हे लिहिणंही आज एक ओळ, उद्या दोन, असं चाललं आहे.

माझे वडील सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. पाण्याची पाळी आली की दारं उघडायची, कुणाच्या शेताला पाणी कधी आणि किती वेळ ते बघायचं, शेताकडे पाणी नेणारी चारी फुटली तर माती टाकून बुजवायची, आणि दोन शेतकऱ्यांची जुंपली तर मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. धरणाच्या खालच्या अंगाला वसाहत होती, तिथल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. दुपारी पत्रे तापले की टक् टक् असा आवाज करत, संध्याकाळी निवले की पुन्हा तसाच. पहाटे भोई लोक जाळी घेऊन धरणात उतरत, त्यांच्या हाका पाण्यावरून आमच्या चुलीपर्यंत ऐकू येत. माय तोवर उठलेली असे. भाकरी थापण्याचा आवाज हा माझ्या लहानपणीचा सगळ्यात पहिला आवाज आहे. आता गॅसवर पोळ्या करणाऱ्या बाई येतात, चांगल्या करतात, पण घर सकाळी मुकं वाटतं.

धरणावरच्या बंगल्यात एक मोठे साहेब राहत आणि त्यांच्याकडे उंच कानांचा एक अल्सेशियन कुत्रा होता. त्याला फिरवायला वेगळा माणूस होता आणि त्याच्या साखळीचा आवाज आला की आम्ही मुलं बाजूला होत असू. एवढा बंदोबस्त असूनही वसाहतीतल्या उकिरड्यावर झोपणाऱ्या एका तांबड्या गावठी कुत्रीला जी पिल्लं झाली, त्यांतल्या एकाची पाठ काळी निघाली. बाबांनी ते उपरण्यात गुंडाळून घरी आणलं. त्याचा एक कान बंगल्यातला होता, ताठ. दुसरा उकिरड्यावरचा, लोंबता. शेजारची गयाबाई दारात उभी राहून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाप बंगल्यातला अन् माय गावच्या पांढरीची. सायबच म्हणा ह्याला, दुसरं काही शोभणार न्हाई." तेच नाव पडलं. पुढे बंगल्यावरचे खरे साहेब कालव्याची पाहणी करायला आले की वसाहतीत सगळ्यांची पंचाईत होई, आणि बाबा कुत्र्याला नुसतं "ये रे" म्हणून बोलावत.

सायबाला वाढवलं बाबांनी. पहिले काही दिवस तो आईच्या आठवणीने रडायचा, तेव्हा बाबांनी त्याला आपल्या जुन्या खाकी सदऱ्यावर निजवलं. ताकात भाकर कुस्करून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाकड्या ताटलीत देत. भोयांकडून कधी माशांची डोकी मिळत, ती बाहेर तीन दगडांवर उकडून थंड करून देत, कारण मायच्या चुलीवर तसलं काही चढत नव्हतं. मायचा कुत्र्याशी संबंध भाकरीपुरता. तिच्या माहेरी कुत्र्याला शिवलं की अंघोळ करत, तीच सवय तिने आणली होती. ती त्याची भाकर वरून, हात लांब करून ताटलीत टाके आणि तो खायला लागला की पाठ फिरवे. पण शेवटची भाकर तव्यावर असताना ती दर वेळी विचारायची, "सायबाची झाली का?" जणू दुसरंच कुणी ती करत होतं. घरात ती त्याला येऊ देत नसे. उंबऱ्यापाशी तो थांबायचा, पुढचे दोन पाय आणि तोंड उंबऱ्यावर ठेवायचा, आणि एवढ्यावर दोघांचा समझोता होता.

एक काम मात्र तिने त्याला दिलं होतं. उन्हाळ्यात माय बाजेवर धोतर पसरून कुरडया, सांडगे, पापड वाळत घाले. माझं काम होतं हातात काठी घेऊन कावळे हाकलायचं, आणि मी पुस्तक घेऊन बसत असल्याने ते काम कधीच नीट होत नसे. सायब बाजेच्या सावलीत पडलेला असायचा. कावळ्याने चिकाची ओली कुरडई एकदा त्याच्या डोक्यावर पाडली, तेव्हापासून त्याचं आणि कावळ्यांचं बिनसलं. तो भुंकत नसे, धावत नसे. कावळा खाली उतरला की नुसती मान वर करून त्याच्याकडे बघायचा. थोड्याच दिवसांत वसाहतीतले कावळे त्या नजरेला ओळखू लागले. उतरायचे, मान वर झालेली दिसली की परत बाभळीवर. माय ते बघून म्हणाली की पोरीपेक्षा कुत्रं कामाचं निघालं. ती त्याची तारीफ होती की मला टोमणा, हे तिच्या तोंडावरून कळायचं नाही.

बाबा फार कमी बोलत. घरी आले की हातपाय धुऊन जेवायला बसत, वाढलेलं खात, भाजीत मीठ नसलं तरी सांगत नसत. पण कालव्यावर चालताना ते सायबाशी बोलत. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागून चालत असे, हातात काहीतरी वाचायला असे, आणि मी वाचते आहे असं समजून ते बोलत राहत. कोणत्या चारीला भगदाड पडलंय, कोण चोरून पाणी घेतो, कुणाच्या उसाला आज पाणी न्हाई दिलं तर तो तकलीफ देईल, असलं सगळं. सायब त्यांच्या डाव्या बाजूने चाले आणि मधे मधे वर बघे. असंच एकदा ते त्याला म्हणाले, "आपली सुमी शाळेवर बाई व्हईल बघ. तिला मधीच काढायची न्हाई." ते वाक्य मी पुस्तकात तोंड ठेवूनच ऐकलं. हे ते कुणाला म्हणाल्याचं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. मायला मात्र ठाऊक होतं. नवराबायको अंधारात काय बोलतात ते लेकरांना कळत नाही, पण बोललेलं असतं.

मी नववीत होते, शिरड शहापूरच्या हायस्कुलात एसटीने जात होते, तेव्हा बाबांना कावीळ झाली. आधी कुणी तरी झाडपाल्याचं दिलं, पथ्य सांगितलं, माय रोज बिनतेलाचं काहीबाही रांधत राहिली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले तेव्हा जीप करून नांदेडला न्यायचं ठरलं. सायब जीपच्या मागे धरणाच्या भिंतीपर्यंत पळाला, तिथून परत आला आणि कालव्याच्या दारापाशी जाऊन बसला. बाबा परत आले ते पांढऱ्या कपड्यात. सायबाला अंगणात त्यांचा वास घेऊ दिला नाही कुणी. लोकांच्या पायांतून तो वाट काढू बघत होता आणि लोक त्याला पायाने सारत होते. नदीवर आगीपासून लांब तो उभा राहिला. घरी आला तो त्या खाकी सदऱ्याच्या चिंधीवर बसला आणि भाकरीला तोंड लावेना. माय सुतकात, कोपऱ्यात बसलेली. गयाबाई स्वयंपाक करत होती. शेवटची भाकर तव्यावर पडली की कोपऱ्यातून आवाज येई, "सायबाची झाली का?" एवढाच काय तो तिचा त्या दिवसांतला शब्द.

पुसेगावहून बाबांचे थोरले भाऊ आले, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू; बाबांना ते बापू म्हणत. जमीन होती, माणूस कष्टाळू, तापट, आणि धाकट्या भावावर फार जीव. ते त्या दिवसांत जेवत नव्हते, नुसतं ताक पीत होते. आत्याही आली. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बसून अण्णांनी माझा विषय काढला. बिनबापाची पोर रोज एसटीने एकटी शाळेत जाणार हे त्यांना पटत नव्हतं. आत्याच्या सासरकडचं एक स्थळ होतं, मुलगा शेती करणारा, निर्व्यसनी. ह्याच उन्हाळ्यात उरकून टाकू, शाळा आता बस्स, म्हणजे बापूच्या जिवाला घोर राहणार न्हाई, असं ते आत्याला सांगत होते. त्यात वाईट हेतू कुठेच नव्हता. आज त्यांच्या वयाची होऊन मी हे म्हणू शकते. तेव्हा मी आत भिंतीला टेकून बसले होते. मी मायकडे बघितलं. थोरल्या दिरासमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं; ते अंगणात आले तरी तिचा पदर पुढे यायचा आणि आवाज बंद व्हायचा. तिने जमिनीकडे बघत राहण्यापलीकडे काही केलं नाही. मला वाटलं, संपलं.

दहावा पूर्णेच्या काठी, धरणाच्या खाली. अण्णांच्या मुलाने पाणी दिलं. पुरुष पाण्याजवळ गोल करून बसले होते, अण्णा त्यांत मधे, आमच्याकडे तोंड करून. बायका जरा अलीकडे करंजाच्या झाडाखाली. पिंड मांडले, शेजारी बाबांना आवडायचं ते सगळं ठेवलं, अंबाडीची भाजी, ठेचा, भाकर. त्यांच्या वहाणाही. सायब मागोमाग आला होता आणि वहाणांकडे निघाला होता. कुणी तरी ढेकूळ मारलं, तसा तो वळसा घालून बायकांच्या मागे येऊन मायच्या शेजारी पडला. मग त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

काठच्या बाभळीवर कावळे होते, पण खाली येईनात. मग अण्णा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "बापू, पोरीची फिकीर करू नको. ह्या उन्हाळ्यात तिचं लगीन लावून देतो. चांगल्या घरी देतो." एक कावळा उतरला, पिंडापासून हातभर लांब बसला आणि परत उडाला. आत्या रडायला लागली, काय राहिलं रे तुझं मनात म्हणून. कुणी तंबाखूची पुडी आणून ठेवली. कुणी धरणावरच्या टपरीतून चहा आणला, तो मातीवर ठेवला. वसाहतीतला एक म्हातारा भोई हळूच म्हणाला की बापूला जिवंतपणीबी कशाची घाई नव्हती, आता कशाला करंल, आणि दोनतीन माणसं रडता रडता हसली. ऊन वर आलं. गुरुजींनी विचारलं, दर्भाचा कावळा करून शिववू का, तसंही चालतं. अण्णा म्हणाले, "न्हाई. माझा भाऊ नाराज होऊन जाऊ देणार न्हाई मी. दिवसभर बसू."

मी मायच्या शेजारी बसले होते, म्हणून मला ते दिसलं. कावळा उतरला की सायब मान वर करत होता. नुसती मान. तो भुंकला असता तर लोकांनी त्याला केव्हाच हाकलून दिलं असतं. कावळे तेच होते, वसाहतीतले, बाजेवरच्या कुरडयांचे. मी मायकडे बघितलं. ती सायबाकडेच बघत होती. किती वेळापासून बघत होती, मला माहीत नाही. मी उठून त्याला लांब घेऊन जाणार होते. मायने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं, आणि स्वतः उठली.

डोक्यावरचा पदर तिने दाताने धरला होता, तो सोडला. माणसांकडे न बघता, नदीकडे तोंड करून ती बोलली, आणि तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. "आवं, ऐकलं का. पोरगी शिकंल. मॅट्रिक व्हईल, म्होरं शिकंल, शाळेवर बाई व्हईल. तुमी म्हणले तसंच. तिला मधीच कुणी काढणार न्हाई." माय खाली बसली. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा सायबाला हात लावला. त्याचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडावरून पदर टाकला. तो हललाही नाही. पदराखाली त्याचा श्वास मला दिसत होता, आणि मायचा हात त्याच्या मानेवर होता.

कावळा आला. आधी एक, मग बाकीचे. आत्या हंबरडा फोडून म्हणाली की हेच होतं बघा, हेच होतं त्याच्या मनात. अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. त्या दिवसापासून माझ्या लग्नाचा शब्द कुणी काढला नाही. कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही.

वसाहतीतल्या सरकारी खोल्या सोडाव्या लागल्या. माय मला घेऊन शिरड शहापूरला आली, एक खोली घेतली, बालवाडीत खिचडी शिजवायचं काम धरलं. सायब आमच्याबरोबर आला, आणि या खोलीत उंबऱ्याचा समझोता राहिला नाही. तो आत, मायच्या अंथरुणाच्या पायथ्याशी निजू लागला. सकाळी तो मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचा, मग मायच्या मागे बालवाडीत जायचा. माणसाच्या डाव्या बाजूने चालायची बाबांबरोबरची सवय त्याने सोडली नाही. त्याला डावीकडे जागा राहावी म्हणून माय रस्त्याच्या उजव्या कडेने चालू लागली. सुगीनंतर दर वर्षी अण्णा स्वतः ज्वारीचं पोतं घेऊन येत. पुढे मी हिंगोलीला शिकायला गेले तेव्हा मला सोडायलाही तेच आले, आणि खोलीच्या मालकाला दम देऊन गेले. मी हिंगोलीत असतानाच सायब गेला. म्हातारा झाला होता, ताठ कानही खाली आला होता. मायने शेजाऱ्याकडून खड्डा खणून घेतला आणि माती स्वतः लोटली. मी सुट्टीत आले तेव्हा तिने एवढंच सांगितलं की शेवटी तो ताकसुद्धा पीत नव्हता. संध्याकाळी शेवटची भाकर तव्यावर होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

ती त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण मला ते सलत असे. बाबांच्या पिंडापुढे तिने जे केलं ते तिला कसं पेललं असेल? ती भाविक होती. कावळा शिवतो म्हणजे माणूस शिवतो, असंच मानणारी. सायबाला आधीच दूर नेलं असतं तर कावळा अण्णांच्या शब्दावर शिवला असता, हे तिला कळत होतं, आणि कळूनही तिने केलं. त्यानंतर दर अमावास्येला ती उपास धरायची. कशाचा, ते मला कधी सांगितलं नाही.

मला शाळेवर नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी पुसेगावला गेले. अण्णा ओसरीवर बसले होते, दृष्टी कमी झाली होती. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. मग म्हणाले, "त्या दिशी कुत्र्याचे डोळे झाकले व्हते तुझ्या मायनं."

मी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला.

"मी समोरच बसलो व्हतो, पोरी. आजवर कुणाला बोललो न्हाई. ते मान वर करून राहिलं व्हतं. जरा उशिरा ध्यानात आलं माझ्या. ढेकूळ घेऊन उठणारच व्हतो, तेवढ्यात तुझी माय उभी राहिली."

"मग तुमी काहून काही बोलला न्हाई?"

"माझ्यासमोर कधी आवाज काढला न्हाई तिनं. इतक्या माणसांत बोलून राहिली, म्हणल्यावर मला वाटलं, हा बापूच बोलून राहिला." त्यांनी पेढ्याचा तुकडा मोडला. "अन् कावळा काय दोरी बांधून आणला व्हता? त्याचा तो आला."

मग त्यांनी आत चहा सांगितला आणि यंदा तुरीला कशी अळी पडली ते सांगत बसले.

त्याच संध्याकाळी मी शिरड शहापूरला परत आले. माय चुलीपुढे बसून अंबाडीची पानं खुडत होती. मी तिला अण्णा जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. तिचे हात थांबले. मग तिने विचारलं, "त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई?" मी म्हटलं, न्हाई. तिने हात लुगड्याला पुसले आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, थोरला दीर समोर उभा असावा तसा. खोलीत आम्ही दोघीच होतो.